हातपंप, वाळू आणि सोने

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. धर्मापुरीच्या शिवारात काळी माती आणि काळा दगड यांचेच राज्य आहे. अशा गावात नदीच्या वाळूतून सोने उचलण्याच्या हातपंपावर कोणी भाषण करावे, आणि तेही बी.ए., बी.एड. झालेल्या शिक्षकाने, हे थोडे विचित्रच आहे. परंतु हा विषय मुलांनीच काढला. परदेशातील हौशी लोक सुट्टीच्या दिवशी नदीवर जातात आणि हाताने ओढायच्या पंपाने खडकाच्या फटींतून सोन्याचे कण काढतात, हे आमच्या मुलांनी मोबाईलवर पाहिले. त्यांनी दोन प्रश्न विचारले. असा पंप आपल्याला करता येईल का? आणि आपल्या नदीत सोने सापडेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आहे आणि दुसऱ्याचे ‘नाही’. ही दोन्ही उत्तरे तशी का आहेत, हे ज्याला समजले त्याला विज्ञानाचा एक संपूर्ण धडा समजला असे मी मानतो.

प्रथम सोन्याचा गुणधर्म पाहू. एक घन सेंटिमीटर सोन्याचे वजन सुमारे १९.३ ग्रॅम भरते. तेवढ्याच आकाराच्या साध्या पांढऱ्या वाळूचे, म्हणजे गारेचे, वजन सुमारे २.६५ ग्रॅम. हवेत सोने वाळूच्या सातपट जड झाले. आता दोन्ही पाण्यात बुडवा. प्रत्येकाचे वजन एकेक ग्रॅमने कमी होईल. वाळू उरली १.६५ आणि सोने उरले १८.३. म्हणजे पाण्यात हा फरक अकरा पटींचा झाला! सोने धुणारा माणूस पाणी का वापरतो, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. अकराव्या शतकात अल्-बिरूनी या विद्वानाने निरनिराळ्या धातूंना आणि रत्नांना पाण्यात बुडवून त्यांचे तुलनात्मक जडपण मोजले होते. आपल्या घरातील आई-आजी धान्य रोळतात, तेव्हा दाणे पाण्याबरोबर वर येतात आणि खडे खाली राहतात. नियम तोच आहे.

नदीही असेच रोळण्याचे काम करते. जिथे प्रवाह अरुंद आणि वेगवान असतो, तिथे पाणी जड कणही वाहून नेते. जिथे वेग मंदावतो, तिथे जड कण आधी खाली बसतात. म्हणून सोने असलेल्या नदीत ते वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या आडोशाला आणि तळच्या खडकाच्या फटीत साठते. फटीत हात जात नाही, फावडे जात नाही. म्हणून तिथे पंपाची गरज पडते.

आता पंप ओढतो म्हणजे काय करतो? पुष्कळांची समजूत अशी की पंप पाण्याला ओढून घेतो. प्रत्यक्षात दट्ट्या मागे घेतला की आत जागा रिकामी होते, आणि बाहेरची हवा पाण्यावर दाब देऊन त्याला आत ढकलते. हा दाब एका चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. त्यामुळे कितीही उत्तम पंप केला तरी असे शोषून पाणी साधारण दहा मीटरच्या वर चढत नाही. ही मर्यादा आधी पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना माहीत झाली. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती एका कारागिराच्या तोंडूनच सांगितली आहे. पुढे १६४३ च्या सुमारास त्याचा शिष्य टॉरिचेली याने तिचे कारण शोधले. त्याच्याही कितीतरी आधी, १२०६ साली, अल्-जझरी या कुशल यंत्रकाराने आपल्या ग्रंथात दोन नळकांड्यांच्या आणि शोषणनळ्यांच्या पंपाची रचना आकृतीसह दिली होती. हातात कसब असलेला माणूस आणि डोक्यात प्रश्न असलेला माणूस एकमेकांशी बोलले, की विद्या पुढे जाते.

आता साधने पाहू. सर्वात लहान साधन म्हणजे मऊ प्लॅस्टिकची बाटली. तिच्या झाकणाला भोक पाडून बारीक नळी बसवायची आणि ती बाटलीच्या आतही दोन-तीन सेंटिमीटर शिरू द्यायची. बाटली दाबून सोडली की पाणी आणि कण आत येतात. पुन्हा दाबली की पाणी बाहेर जाते, पण जड कण नळीच्या तोंडाखाली, कडेला बसलेले असतात. ते परत जात नाहीत. आतली नळी नसेल तर आलेला माल आला तसा निघून जाईल. सारी युक्ती त्या दोन-तीन सेंटिमीटरांत आहे. धुतलेल्या ताटातील मोजके कण उचलायला हे साधन पुरते. खडकाची फट रिकामी करायला ते पुरत नाही.

त्यासाठी दट्ट्याचा पंप लागतो. होळीची पिचकारी आणि सायकलचा पंप ज्याने उघडून पाहिला आहे, त्याला तो नवा वाटणार नाही. दोन इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, एका टोकाला आट्यांचे झाकण, त्या झाकणात पाऊण इंची नळी, दुसऱ्या टोकाला दांडा जाईल एवढे भोक असलेले झाकण, आणि दांड्याच्या टोकाला दोन चकत्यांमध्ये घट्ट आवळलेला रबराचा किंवा चामड्याचा वायसर. जुन्या चपलेचे रबरही चालते. पाऊण इंची नळी इथेही पाइपच्या आत दोन-तीन इंच शिरलेली ठेवा. दट्ट्या तिच्यावर आपटू नये म्हणून दांड्यावर खूण करा. साठलेला माल काढताना पुढचे झाकण फिरवून उघडावे आणि पाइप घमेल्यात रिकामा करावा.

विकत घ्यायचा असो की करायचा असो, चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आकाराची. मोठा पंप तो चांगला, असे समजू नका. दोन इंची दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर असते. तोंड पूर्ण बंद झाले तर तो ओढायला सुमारे २० किलोचा जोर लागेल. तीन इंची दट्ट्याला हाच जोर ४५ किलोच्या घरात जातो. दहावीतल्या मुलाचा खांदा दहा मिनिटांत थकेल. दोन इंची पंपात दीड फूट दांडा ओढला तरी जवळजवळ एक लिटर पाणी येते. ते पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट तोंडाची. दोन इंच आणि पाऊण इंच यांच्या क्षेत्रफळांत सुमारे सात पटींचा फरक आहे. म्हणून दांडा सेकंदाला एक फूट ओढला, तर तोंडाशी पाणी सेकंदाला सात फूट वेगाने शिरते. त्या वेगाने जड कण उचलला जातो. आतल्या रुंद जागेत वेग सातपटीने घटतो आणि कण खाली बसतो. नदीचा नियम आपण पाइपात आणला, एवढेच. आणखी एक फायदा असा की तोंड सर्वात अरुंद असले म्हणजे खडा अडकला तर तोंडाशीच अडकतो. तो काडीने ढकलता येतो.

तिसरी गोष्ट वायसरची. तोंडावर तळहात दाबून दांडा ओढा आणि सोडा. दांडा झटकन परत गेला तर पंप चांगला. तो तिथेच रेंगाळला तर हवा आत शिरते आहे असे समजावे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ही परीक्षा विश्वासाची आहे.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची परीक्षा अशी. बादलीभर वाळूत सायकलचे बारीक छर्रे मोजून वीस टाका, वर पाणी ओता आणि पंप चालवा. वीसपैकी किती परत आले ते वहीत लिहा. मग आतल्या नळीची लांबी बदला आणि पुन्हा मोजा. पोलाद पाण्याच्या केवळ पावणेआठपट जड आहे. जो पंप छर्रे राखतो, तो त्याच आकाराचा सोन्याचा कण नक्कीच राखील. विज्ञानाच्या प्रात्यक्षिक वहीत दरवर्षी तीच आकृती उतरवून काढण्यापेक्षा हे आकडे लिहिणे मला अधिक मोलाचे वाटते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या नदीत सोने का नाही? आपल्या पायाखालचा काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. सोने साधारणपणे याहून कितीतरी जुन्या खडकांत, गारेच्या शिरांत आढळते. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण अशाच जुन्या खडकात आहे. एके काळी बीड आणि रायचूर हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यातच होते, पण राज्य एक असले तरी खडक एक नव्हता! हट्टीजवळच्या मस्की येथे १९१५ साली अशोकाचा शिलालेख सापडला, तोही सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या एका इंजिनिअरला. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला भंडारा-नागपूर भागात जुने खडक आहेत, आणि त्यापलीकडे बालाघाटच्या बाजूला नदीची वाळू लाकडी पाटीत धुऊन सोने काढणारे सोनझारी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. आपल्या राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही गोंडांच्या नोंदीत ‘सोनझारी झारेका’ हे नाव आहे.

आपल्या ओढ्याच्या वाळूत मुले लोहचुंबक फिरवतात, तेव्हा त्याला काळी बारीक भुकटी चिकटते. ती दगडातून सुटलेली लोहखनिजाची भुकटी आहे. साध्या वाळूच्या दुप्पट जड असल्यामुळे आपला पंप तीसुद्धा वेगळी साठवतो. सोन्याच्या प्रदेशात सोन्याबरोबर अशी काळी वाळू येते हे खरे. परंतु काळी वाळू दिसली म्हणजे सोने आहे, असा अर्थ मुळीच होत नाही.

हे मी पालकांना मुद्दाम सांगतो. आपल्या गावात केदारेश्वराच्या मंदिरासारखी जुनी, शिल्पसमृद्ध वास्तू आहे. जिथे जुने दगड असतात तिथे गुप्तधनाच्या गोष्टी असतात, आणि जिथे गोष्टी असतात तिथे त्यांवर पोट भरणारे भोंदू येतात. कोणी यंत्र दाखवतो, कोणी उतारा सांगतो. अशा माणसाला एकच प्रश्न विचारा : तुझे यंत्र कशाच्या आधारे ओळखते? वीस छर्रे पुरून ठेवतो, शोधून दाखव. खरे साधन परीक्षेला भीत नाही. कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. परवानगीवाचून खनिजासाठी खोदकाम करता येत नाही. मुलांनी ओढ्यातली बादलीभर वाळू प्रयोगापुरती वापरावी आणि जिथली तिथे परत टाकावी. हौशी लोकांच्या देशांतही बंधने आहेतच. ज्या कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडून जगभरातून माणसे धावली, तिथे नदीचा तळ इंजिनाने शोषून काढण्यावर २००९ साली बंदी आली. तळ ढवळला की माशांची वीण बिघडते आणि जुना साचलेला पारा वर येतो, ही चिंता त्यामागे होती. सोने गोळा करण्यासाठी पारा वापरतात असे कोणी सांगितले, तर त्या वाटेला मुळीच जाऊ नका. त्याची वाफ विषारी असते.

मग सोने नसताना पंप करायचा कशाला? मित्रहो, आपल्याकडे वाळूत सोने नसले तरी धुळीत ते आहे, आणि ते ओळखणारे लोकही आहेत. सराफाच्या दुकानातील केरकचरा आणि भट्टीची राख विकत घेऊन, ती धुऊन त्यातून सोने काढणारे झारेकरी आपण ऐकून असाल. उत्तरेत त्यांना न्यारिये म्हणतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी शाळा पाहिली नसेल, पण जड काय आणि हलके काय हे त्यांच्या हाताला कळते. अशा हुनराला आपण शिक्षण म्हणत नाही, ही आपली उणीव आहे.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्याचेच देतो. गावोगावचा हापसा आपण रोज पाहतो. पूर्वी बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबासाठी केलेले होते. सारे गाव त्यावर पाणी भरू लागले की ते मोडत. तेव्हा जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या लोकांनी कार्यशाळांत खटपट करून मजबूत पंप घडवले. सोलापूरच्या पंपावरून पुढे १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा हापसा तयार झाला आणि देशभर, देशाबाहेरही पोहोचला. त्याचा दट्ट्या वर दांड्यापाशी नसून खाली विंधन विहिरीच्या पाण्यात असतो. का, ते आता तुम्ही सांगू शकाल. शोषून पाणी दहा मीटरच्या वर येत नाही. आणि आपल्याकडे पाणी त्याहून खोल गेले आहे.

पालकांना माझी विनंती अशी. मुलगा किंवा मुलगी पाइप कापू लागली, जुना पंप खोलून बसली, तर ‘हे मिस्त्रीचे काम, तू पुस्तक घेऊन बैस’ असे म्हणू नका. पुस्तकात लिहिलेला दाब त्यांच्या तळहाताला त्याच वेळी कळत असतो. जी मुले पुढे नळजोडणीच्या किंवा यंत्राच्या कामाला पुण्या-मुंबईला जातील, त्यांना कारण माहीत असले तर ती केवळ सांगकामे राहणार नाहीत. जी कॉलेजात जातील, त्यांना हाताची ओळख असली तर त्यांचे ज्ञान कागदावर राहणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एवढे ध्यानात ठेवा. पंप सोने शोधत नाही. जिथे तुम्ही त्याचे तोंड लावाल तिथले तो उचलतो. तोंड कुठे लावायचे ते नदी वाचता आल्याशिवाय कळत नाही. पदवीचेही तसेच आहे. ती हातात आली म्हणजे काम झाले असे नाही. ती कुठे लावायची हे ज्याचे त्याला शिकावे लागते.

पुढील विज्ञान प्रदर्शनात प्रत्येक वर्गाने एक पंप मांडावा, आणि शेजारी वीस छर्ऱ्यांचा हिशेब लावावा. चौदा आले असतील तर चौदाच लिहा. वीस लिहिण्याची घाई करू नका.

 

— सहशिक्षक, बी.ए., बी.एड., धर्मापुरी