राणीच्या गाडीत आपली बैठक

भुकूमच्या आम्हा बचत गटातल्या दहाजणी आज तुम्हाला एका प्रवासाची गोष्ट सांगणार आहोत.

आपण पुणे स्टेशनला किती वेळा गेलो असू! पण डेक्कन क्वीन, म्हणजे आपली दख्खनची राणी, दिसली की आम्ही म्हणायचो, "ती साहेब लोकांची गाडी. आपलं तिथं काय काम?"

हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर ही गाडी सुरू झाली. तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिला लाल पट्टे. दुसरी गर्द निळी, तिला सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले, पण वरचे डबे बांधले ते मुंबईतल्या माटुंग्याच्या कारखान्यात. गाडीत वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. ज्यांना तिसऱ्या वर्गाचंच तिकीट परवडायचं, त्यांनी ही गाडी नुसती लांबून बघायची. तिसरा वर्ग जोडला गेला थेट १९५५ साली. म्हणजे आपल्याच कामगारांच्या हातच्या डब्यात आपल्यासारख्यांना बसायला पंचवीस वर्षं लागली.

मग आम्ही ठरवलं, आता आणखी थांबायचं नाही. गटाच्या बचतीला हात लावला नाही. दहा महिने प्रत्येकीनं वेगळे पन्नास रुपये काढले. घरून विचारणा झालीच, "मुंबईत काम काय?" आम्ही सांगितलं, "काम काही नाही. बसायला जातोय."

पहाटे जीप करून चांदणी चौकातून स्टेशन गाठलं. सव्वासातला गाडी सुटली. २०२२ साली तिला हिरव्या-लाल रंगाचे नवे डबे मिळालेत, पण जुनी शान एका ठिकाणी अजून टिकून आहे. ती म्हणजे जेवणाचा डबा. तिथं खिडकीशी टेबल-खुर्च्या असतात आणि माणूस ऑर्डर घेऊन बसल्या जागी आणून देतो. बाहेर खंडाळ्याचा घाट, समोर चहा, चीज टोस्ट आणि कटलेट.

खाणं झाल्यावर आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी ताटली उचलून उभ्या राहिल्या. वाढणारा दादा म्हणाला, "आजी, राहू द्या. ते माझं काम आहे." आजी खाली बसल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "पासष्ट वर्षांत माझं उष्टं दुसऱ्यानं पहिल्यांदाच उचललं गं."

मैत्रिणींनो, कर्ज, व्याज, हप्ते हे आपण बैठकीत बोलतोच. पुढच्या बैठकीत एक विषय वाढवा : आपल्या स्वतःसाठी महिन्याला किती काढायचे? वीस रुपयेही चालतील. आणि जायचं ठरलं, तर आरक्षण आधीच करा. ऐन वेळी जागा मिळत नाही.