मेणवलीची घंटा

युद्धात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ पलटणीने एखाद्या खेड्यातील चर्चला निशाण वा घंटा अर्पण करावी, ही चाल युरोपात सर्वपरिचित आहे. आपल्याकडे तिच्याजवळ जाणारी, परंतु अगदी उलट दिशेने घडलेली एक हकीकत आहे. गुरुकुंज मोझरीच्या सामुदायिक प्रार्थनेत सर्व पंथांचे लोक एकत्र बसतात. त्या मंडळींस ती विशेष विचारात पाडील.

वाईजवळ मेणवली गावी, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तेथे मेणेश्वराच्या देवळाशेजारी लहानशा घंटाघरात एक प्रचंड ओतीव घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल असून बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. शिवाच्या दारी मेरी कशी आली?

इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. वेढा तीन महिने चालला. सुरुंगांनी तट फोडून मराठे खिंडारात शिरत आणि तेथेच पडत. किल्ला हाती आल्यावर अप्पांनी शरणागतांस मालमत्तेसह जाऊ दिले. वज्रेश्वरीचा नवस फेडण्यासाठी देऊळ उभे राहिले, आणि चर्चमधील घंटा घाटमाथ्यावरील देवस्थानांस गेल्या. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच.

आता घंटेचा धातू म्हणजे तोफेचाच धातू: तांबे आणि कथील. युरोपात जिंकलेल्या शहरातील घंटांवर तोफखान्याचा हक्क मानीत. पैसे भरून सोडविल्या नाहीत, तर त्या वितळवीत. मराठ्यांनाही तोफांची गरज काही थोडी नव्हती. तरी ही घंटा भट्टीत गेली नाही. इतकेच नव्हे, तर तिच्यावरील मेरीला कोणी छिन्नी लावली नाही. देवास वाहावयाची वस्तू खरवडून वाहू नये, एवढाच साधा भाव त्यामागे असावा, असे मला वाटते.

म्हणून हिला निव्वळ दान म्हणावे काय? तसे म्हणण्यास मी धजणार नाही. वसईकडील ज्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बारशांना व अंत्ययात्रांना अशा घंटा वाजत, त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. आणि ती माणसेही मराठीच बोलणारी. लूट आणि नैवेद्य, दोन्ही एकाच साखळीला लटकले आहेत.

आणखी एक गोष्ट. खिंडारात जे मेले त्यांचे एकही नाव या घंटेवर नाही. आहे ते साल, तेही वसई पडण्यापूर्वीचे बत्तीस वर्षांचे.