पाण्याखालचा मुलूख
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



'आपला मुलूख' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी आयुष्यभर मुलांस भूगोल शिकविला. परंतु आपले मूळ गाव नकाशात दाखविण्याचा प्रसंग आला की मला निळ्या रंगावर बोट ठेवावे लागे. आपणांपैकी पुष्कळांची हीच स्थिती आहे. त्या निळ्या रंगाखाली काय आहे, तेवढेच आज सांगतो.

महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेस वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला समोरासमोर मिळते. पश्चिमेस सह्याद्रीचा मुख्य कणा व पूर्वेस बामणोलीची डोंगररांग, यांमधील चिंचोळी पट्टी म्हणजे आपले खोरे. सोळशी व कांदाटी यांचे पाणीही तेथेच येते. पाऊस अपरंपार, पण उतारावर माती ठरत नाही. नदीकाठच्या थोड्याशा सपाटीवर भात आणि वर डोंगरउतारावर नाचणी-वरी, असा वाडवडिलांचा संसार असे. ही सपाटी ध्यानात ठेवावी. कारण पाण्याने प्रथम तीच घेतली.

मुलूख दुर्गम, म्हणूनच इतिहासात त्याचे महत्त्व. जावळीच्या अरण्यावर चंद्रराव मोऱ्यांची सत्ता होती. १६५६ साली शिवछत्रपतींनी जावळी घेतली; १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचे पारिपत्य झाले, ते याच अरण्याच्या आश्रयाने. खोऱ्याच्या पश्चिमेस वासोटा ऊर्फ व्याघ्रगड उभा आहे. पेशवाईच्या अखेरीस सातारच्या छत्रपतींच्या कुटुंबातील मंडळी तेथे अडकवून ठेविली होती. १८१८ साली इंग्रजांनी गड घेतला. तथापि राज्ये बदलली तरी खोऱ्यातील नांगर थांबला नाही. तो थांबविला धरणाने.

१९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीस उतरविले आणि ते वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळू लागले. सुमारे १०० अब्ज घनफूट पाण्याचा शिवसागर पसरला. त्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले, याचा आपणांस अभिमानच आहे. पण काही कुटुंबे डोंगरावर सरकली, काही सोलापूर, रत्नागिरी, ठाणे व कुलाबा, म्हणजे आताचा रायगड, या जिल्ह्यांत पांगली. मागे राहिलेल्यांस ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने गाठले. पुढे १९८५ साली अभयारण्य झाले, २०१० साली व्याघ्रप्रकल्प आला. एका पिढीने सोडले ते पाण्यासाठी, दुसरीने वनासाठी.

आता घरची एक गोष्ट सांगतो. आमचे वडील दर दिवाळीस अंगणात काठीने रेघा ओढीत. इथे पाणवठा, इथे भैरोबाचे देऊळ, इथे आपले खाचर. प्रत्येक तुकड्याला नाव असे. मी मास्तर, हजारो मुलांच्या वह्या तपासल्या, पण वडिलांच्या रेघा वहीत उतरवून घेतल्या नाहीत. पुढल्या दिवाळीस लिहू, असे म्हणता म्हणता ते गेले. नंतर पुनर्वसनाच्या एका अर्जात जुन्या शेताचे नाव विचारले गेले, तेव्हा घरात सांगणारे कोणी उरले नव्हते. चूक माझीच होती.

उन्हाळ्यात पाणी फार उतरले म्हणजे जुन्या वस्त्यांचे दगड उघडे पडतात. ते दगड कोणाच्या घराचे, हे सांगणारी माणसे मात्र दरसाल कमी होत आहेत.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, प्रत्येक घराने एक वही करावी. आजीला विचारून शेतांची, झऱ्यांची, वाटांची, देवस्थानांची नावे लिहावी. कोणते घर कोणाच्या शेजारी होते, तेही लिहावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत मंडळाने त्यास चार पाने द्यावी. जमीन परत आणणे आपल्या हाती नाही. नावे राखणे आहे.