दिग्व्रत आणि परदेशगमन
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या ५० वर्षांच्या वाटचालीत समाजाच्या घराघरांत एक मोठा बदल घडून आला आहे. ज्या घरातील मुलगा एके काळी शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस निघाला तरी आईचे डोळे पाणावत, त्याच घरातील नातू आज अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात नोकरी करीत आहे. या बदलाकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या दृष्टी समाजात आढळतात. परदेशी गेला तो धर्मास मुकला, असे एक पक्ष म्हणतो. जो गेला नाही त्याच्यात कर्तृत्वच नाही, असे दुसरा मानतो. या दोन्ही मतांची पारख जैन आचारधर्माच्या कसोटीवर करणे अगत्याचे आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रतास स्वतंत्र स्थान आहे. समुद्र, नदी, पर्वत, देश अशा ठाऊक असलेल्या खुणा ठरवून दाही दिशांना आपल्या जाण्या-येण्याची मर्यादा बांधून घ्यावयाची, हे त्याचे स्वरूप होय. प्रवास हे पाप आहे, असे येथे सांगितलेले नाही. मर्यादेबाहेरच्या लोभास आणि आरंभास आळा बसावा, हा त्यातील हेतू आहे. या व्रताच्या पाच अतिचारांपैकी दोन आजही विचार करण्याजोगे आहेत. एक ‘क्षेत्रवृद्धी’, म्हणजे ठरविलेले क्षेत्र लोभाने वाढविणे. आणि दुसरा ‘स्मृत्यंतर्धान’, म्हणजे आपण कोणती मर्यादा घातली होती याचाच विसर पडणे. किती दूर गेला यापेक्षा काय ठरवून गेला आणि ते त्याच्या स्मरणात राहिले का, हा खरा प्रश्न आहे.

इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. १८८८ साली मोहनदास गांधी यांनी विलायतेस जाण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्या मातोश्रींना मुलाच्या आचाराची काळजी वाटली. कुटुंबाच्या परिचयातील जैन साधू बेचरजी स्वामी यांनी तरुण मोहनदासांकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा करवून घेतली आणि मग मातेने संमती दिली. त्याच वेळी मुंबईत त्यांच्या ज्ञातीने सभा भरवून त्यांना जातिबाहेर टाकले. त्यांना मदत करणाऱ्यास किंवा बंदरावर निरोप देण्यास जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरविला. ज्ञातीने बंदी घातली, ती मोडली गेली. साधूने मर्यादा बांधून दिली, ती पाळली गेली. बंदी आणि मर्यादा यांतील अंतर याहून स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण वीरचंद राघवजी गांधी यांचे. १८९३ च्या सप्टेंबरात शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. तिचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराज यांना होते. साध्वाचारानुसार समुद्रप्रवास शक्य नसल्याने आचार्यश्रींनी स्वतः न जाता वीरचंदभाईंना तयार करून पाठविले. तेथे त्यांनी जैन दर्शन मांडले, परिषदेनंतरही अनेक व्याख्याने दिली आणि आपला शाकाहार सांभाळला. तरीही समुद्र ओलांडला म्हणून समाजातील काहींनी त्यांना विरोध केलाच. परंतु त्यांचे कार्य केवळ परदेशातले नव्हते. शिकागोस जाण्यापूर्वी पालीताण्याच्या यात्रेकरूंवरील कराच्या प्रश्नात त्यांनी परिश्रम घेतले आणि १८८६ साली वार्षिक १५,००० रुपयांची रक्कम ठरून तो वाद मिटला. सम्मेदशिखर तीर्थाच्या पावित्र्यासाठीही ते कलकत्त्यास जाऊन लढले. १९०१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एवढ्या अल्प आयुष्यात देशातील आणि परदेशातील सेवा एकाच माणसाने केली. तेव्हा ‘येथे की तेथे’ हा वादच अपुरा ठरतो.

काळाबरोबर संघानेही मार्ग शोधले. तेरापंथात आचार्य तुलसी यांनी १९८० साली समण श्रेणी सुरू केली आणि समण-समणींना वाहनाने परदेशी जाऊन धर्मप्रसार करण्याची अनुमती मिळाली. १९८५ साली जपानमधील कोबे येथे आणि १९८८ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे जिनमंदिरांची प्रतिष्ठा झाली. ज्यांनी ही मंदिरे उभारली, ते देशाबाहेर स्थायिक झालेले श्रावक होते.

आता प्रवासाच्या तयारीविषयी. बॅग भरताना खाकरे, कोरडा नाश्ता, मेथीचे थेपले आणि लोकरीचे कपडे यांची आठवण सर्वांना राहते. विमानकंपन्यांकडे जैन भोजनाची सोय असते. मात्र ते तिकिटाबरोबर आपोआप मिळत नाही, किमान एक-दोन दिवस आधी नोंदवावे लागते. ऑस्ट्रेलियासारख्या देशात बियाणे, दुधाचे पदार्थ, ताजी फळे यांविषयीचे नियम कडक आहेत. तेथे उतरताना भरावयाच्या पत्रकात बॅगेतील खाद्यपदार्थांची खरी नोंद करणे हे सत्यव्रताचेच पालन आहे. डबा लपवून नेला तर खाकरा शुद्ध राहिला तरी व्रत शुद्ध राहत नाही.

आपल्याकडे वेष्टनावरील हिरवी खूण पाहून माल घेण्याची सवय असते. अमेरिकेत तशी सक्तीची खूण नाही. तेथे शाकाहारी म्हणविल्या जाणाऱ्या पदार्थात अंडे असू शकते, चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते आणि औषधाच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. घटकांची यादी वाचण्याचा सराव निघण्यापूर्वी घरीच करावा. सूर्यास्ताचाही विचार हवा. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्याही आधी. चौविहार पाळणाऱ्याने हिवाळ्यात संध्याकाळचे जेवण कचेरीच्या डब्यातच नेले पाहिजे. पर्युषणाची रजा वर्षारंभीच मागून ठेवली, तर संवत्सरीच्या दिवशी अडचण येत नाही.

तयारीचा आणखी एक भाग असा आहे की, जो बॅगेत मावत नाही म्हणून राहून जातो. मागे राहिलेल्या आईवडिलांची व्यवस्था हा तो भाग होय. रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार, पेन्शनचे व बँकेचे कागद कोण पाहणार, आरोग्यविमा कोणाच्या नावे आहे, खात्यांवर व घरावर वारसनोंद झाली आहे का, या गोष्टी निघण्यापूर्वी लिहून ठेवाव्यात. परदेशी वास्तव्य सुरू झाल्यावर साधे बचत खाते एनआरओ प्रकारात बदलून घ्यावे लागते, हेही पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. दर महिन्यास पैसे येतात, पडद्यावर नातवंडे दिसतात. पण आजारपणात पेलाभर उकळलेले पाणी देणारा हात पडद्यातून पुढे येत नाही. म्हणून तो हात कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे.

पैशाचा हिशोबही व्यापाऱ्याच्या नजरेने करावा. डॉलरच्या पगारास रुपयाच्या भावाने गुणले जाते, परंतु घरभाडे, विमा, पाळणाघर यांच्या खर्चास गुणावयाचे राहून जाते. जमेची बाजू एका चलनात आणि नावेची दुसऱ्या चलनात, अशी वही कोणताही मुनीम मान्य करणार नाही.

उरला प्रश्न येथे राहणाऱ्यांचा. विवाह जुळविताना परदेशी स्थायिक असलेल्या मुलास झुकते माप मिळते आणि वडिलांच्या गादीवर बसणाऱ्या मुलाचे स्थळ बायोडाटा न उघडताच बाजूस ठेवले जाते. हा अन्याय आहे. चार नोकरांचे संसार सांभाळणारा, उधारीच्या दिवसांतही वचन पाळणारा, आईवडिलांना देवदर्शनास नेणारा आणि पाठशाळेच्या कामास वेळ देणारा हाच तरुण असतो. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद जैन व्यापारी घराण्यातलेच. १९१९ साली सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले आणि १९४१ साली विशाखापट्टणम येथे त्यांच्या पुढाकाराने जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला गेला. इतरांच्या जहाजात बसून जाण्याऐवजी जहाजच देशात बांधण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले. येथे राहणे म्हणजे मागे पडणे नव्हे, याचे हे उदाहरण ठरावे.

तात्पर्य, जाणाऱ्यास दोष देऊ नये आणि राहणाऱ्यास कमी लेखू नये. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून चार गोष्टी कागदावर उतरवाव्यात : किती वर्षांसाठी जावयाचे, किती मिळकत पुरेशी मानावयाची, कोणते नियम कोणत्याही स्थितीत सोडावयाचे नाहीत, आणि आईवडिलांनी हाक दिली तर किती दिवसांत यावयाचे. त्या कागदाची एक प्रत घरी राहावी, एक पारपत्राबरोबर जावी. वर्षातून एकदा, संवत्सरीस, दोन्ही ठिकाणी ती वाचली जावी. परिस्थिती बदलली तर मर्यादा विचारपूर्वक बदलता येईल. परंतु तिचा नकळत विसर पडणार नाही. श्रावकाचे दिग्व्रत आजच्या संसारात उतरविण्याचा हा साधा मार्ग आहे.

पुढील ५० वर्षांत या संस्थेच्या पाठशाळेतील मुले कोणत्याही देशी जावोत किंवा याच गावात राहोत, त्यांच्याजवळ असा एक कागद असावा, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!