घरच्या संगणकावर लिस्प : पहिली निवड कोणती?

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या सभेतील व्याख्यान)



शाळेच्या हीरक महोत्सवात जिच्याविषयी बोलायचे आहे, त्या संगणकभाषेनेही साठी केव्हाच ओलांडली आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेतील एमआयटी येथे लिस्पची आखणी आरंभली आणि १९६० साली तिच्यावरील निबंध प्रसिद्ध केला. अजून नांदत्या असलेल्या नामांकित संगणकभाषांत तिच्याहून वडील म्हणावी अशी फोरट्रान. सभेतील ज्या अभियंत्यांनी ऑटोकॅडवर नकाशे काढले, त्यांच्या संगणकात ती कदाचित नकळत वावरून गेली असेल. ऑटोलिस्प ही त्याच कुळातली.

कूळ म्हणण्याचे कारण आहे. लिस्प नावाचे एकच एक साधन कोठेही मिळत नाही. कॉमन लिस्प, स्कीम, रॅकेट, क्लोजर अशा तिच्या शाखा, आणि शाखेशाखेत पुन्हा निरनिराळ्या संस्थांनी व हौशी मंडळींनी घडवलेल्या आवृत्त्या. नववीतल्या मुलीने ‘मला लिस्प शिकायची आहे’ असे म्हटले, तर घरच्या संगणकावर नेमके काय बसवायचे, हा प्रश्न पालकांपुढे भाषेच्या आधी उभा राहतो. अनेकांचे शिक्षण येथेच अडते. कंसांना भिऊन भाषा सोडणाऱ्यांपेक्षा पहिल्या संध्याकाळी काहीच सुरू न झाल्यामुळे सोडणारेच अधिक असावेत.

इतर भाषांत संपादक कोणता, खिडकी कशी, याने फारसे बिघडत नाही. लिस्पमध्ये बिघडते. येथे एक ओळ लिहावी, लगेच उत्तर घ्यावे, ते पाहून पुढची ओळ सुचावी, अशी कामाची रीत आहे. साधन आडमुठे असेल तर भाषेचे मर्मच हाती येत नाही.

जाणकारांना विचारले तर ते बहुधा एसबीसीएल सुचवतील. १९९४ साली प्रमाणित झालेल्या कॉमन लिस्पची ही विनामूल्य आवृत्ती वेगवान आहे, आणि तिचा एक गुण खरोखर राजस आहे : चालता प्रोग्रॅम चुकीपाशी थांबतो, पुढे जाण्याचे पर्याय मांडतो, दोष सुधारून तेथूनच पुढे जाता येते. परंतु ती नुसती बसवून काळ्या खिडकीत उघडली, तर लिनक्सवर बाणाची कळ दाबताच मागची ओळ परत येण्याऐवजी विचित्र चिन्हे उमटतात, आणि एक कंस चुकला की नवख्याला न उमगणाऱ्या पर्यायांची यादी समोर येते. तिच्याशी सुखाने बोलायचे तर ईमॅक्स हा संपादक आणि त्याला जोडणारा स्लाइम हे दोन्ही शिकावे लागतात. ईमॅक्स शिकणे हा स्वतंत्र अभ्यासक्रमच आहे. तो वाया जात नाही, पण नववीच्या मुलीवर तो आधी लादू नये.

क्लोजरला नोकरीच्या बाजारात स्थान आहे, मात्र ती जावाच्या पायावर उभी असल्याने चूक झाली की जावाची परिभाषा वर येते. लिस्पवर्क्सचा घाट सुबक. तिच्या विनामूल्य वैयक्तिक आवृत्तीला स्मृतीची आणि वेळेची मर्यादा घातलेली आहे.

म्हणून पहिली निवड डॉक्टर रॅकेटची. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर ते विनामूल्य बसते. वरच्या भागात प्रोग्रॅम, खालच्या भागात प्रश्नोत्तरे; जोडीचा कंस कोणता, ते रंगाने दिसते. परंतु त्याची खरी थोरवी विद्यार्थ्यांसाठी केलेल्या पायरीपायरीच्या भाषांत आहे. सर्वांत खालच्या पायरीवर भाषा मुद्दाम लहान ठेवली आहे, त्यामुळे चुकीचा निरोपही मुलीला जेवढे शिकवले आहे तेवढ्यातच बोलतो. ‘स्टेपर’ हे साधन बैजिक राशी वहीत सोडवावी तशी प्रत्येक पायरी उलगडून दाखवते. निरोप इंग्रजीत असतात, हे खरे. आरंभी घरातल्या कोणी तरी शेजारी बसून ते वाचून दाखवावेत.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि महाराष्ट्राबाहेर ही शाळा चालवणाऱ्यांना तिचे मोल अधिक कळेल. रॅकेटमध्ये नावे देवनागरीत देता येतात. ‘क्षेत्रफळ’, ‘लांबी’, ‘रुंदी’ अशी नावे देऊन प्रोग्रॅम चालतो. एवढेच नव्हे, भाषेत नवे शब्द घडवण्याची सोय असल्यामुळे पूर्ण रॅकेटमध्ये पुढे गेलेला विद्यार्थी ‘डिफाइन’च्या जागी स्वतःचा ‘व्याख्या’ हा शब्दही रुजवू शकतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, लिस्पमध्ये ते कंस उघडताच पहिले. एवढी एक उलट सवय तेवढी लावून घ्यावी लागते.

प्रोग्रॅम वाढले, गतीची निकड भासू लागली, की एसबीसीएलकडे जावे. तोवर कंसांची भीती मोडलेली असते आणि ईमॅक्सचे ओझे पेलते.

पहिल्या संध्याकाळी मात्र एक सांभाळावे. नावे देवनागरीत चालतात, पण अंक रोमन कळफलकावरचेच लागतात. देवनागरी ‘३’ लिहिला तर रॅकेट त्याला संख्या मानत नाही; ते एखाद्या वस्तूचे नाव समजते आणि अशा नावाची वस्तू आढळत नाही म्हणून तक्रार करते.