आमचे तात्या
(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी तात्यांविषयी चार शब्द बोलावेत, अशी जीर्णोद्धार समितीने मला आज्ञा केली. तात्या माझे थोरले चुलते, पण साऱ्या गावानेच त्यांना तात्या म्हटले. पुतण्याने चुलत्याची स्तुती करावी हे बरे दिसत नाही. म्हणून जे पाहिले तेवढेच सांगतो.

आपल्या खोऱ्यातून पुण्यास जाऊन इंजिनिअर झालेल्या पहिल्या पिढीतले ते. कोयनेच्या धरणाचे काम निघाले आणि तरुणपणीच त्यांना तेथे नोकरी लागली. 103 मीटर उंचीचे धरण, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेलेले पाणी आणि पोफळीस डोंगराच्या आत वीजघर! घरात केवढा अभिमान होता!

पण त्याच नोकरीत त्यांच्या वाट्यास एक अवघड काम आले. पाणी कोठवर चढणार, त्याची रेषा आखायची होती. दुर्बीण लावून, खुंट्या मारीत ते आपल्या शिवारात आले. शेवटची खुंटी आमच्या परसाच्याही वर, माळाला ठोकली गेली. घर, खळे, भैरवनाथाचे देऊळ, सारे खाली राहिले. मी तेव्हा लहान होतो. आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "तुज्या दुर्बिणीला आपलं घर दिसलं न्हाई का रं?" तात्या काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवलेही नाहीत.

गावात त्यांना दूषणे देणारे होते, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याची जमीन जाते त्याने कोणावर तरी रागवावेच. तात्यांनी उलट उत्तर दिले नाही. रजा काढून ते गावी आले, पाथरवटाला बोलावले आणि गाभाऱ्याच्या एकेका दगडावर टाकीने खूण व आकडा घालून घेतला. मग ते दगड बैलगाड्यांतून वर आणले. पहिल्या दिवशी चारच माणसे मदतीस आली, आठव्या दिवशी सारा गाव आला. 1961-62 च्या सुमारास पाणी चढले, तेव्हा देव वर बसला होता.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगरची घरे जमीनदोस्त झाली, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. तात्यांचेही घर पडले. मुलाबाळांना उघड्यावर बसवून ते आधी बॅटरी घेऊन धरणाच्या पोटातील गॅलरीत गेले. धरणाला तडे गेले होते, पण ते उभे होते. पुढे त्याची मजबुती करण्यात आली. आम्हांला मात्र दोन दिवस त्यांची खुशाली कळली नव्हती.

देवळाच्या भिंतीही तेव्हा फाटल्या. दुरुस्ती करताना तात्यांनी चौथऱ्याभोवती दगडी गटार काढावयास लावले. ते म्हणत, "धरण असो की देऊळ, पाण्याला वाट द्या, नाहीतर ते आपली वाट काढील." चार-पाच हजार मिलिमीटर पावसाच्या या मुलखात आपला चौथरा खचला नाही, तो त्या गटारामुळे.

घरात ते कडक होते. भावांची वाटणी झाली तेव्हा मोबदल्यातला आपला हिस्सा त्यांनी विधवा बहिणीच्या मुलांच्या शिक्षणास दिला. पुतण्यांनी पहिल्या पगारातून देवाच्या फंडास काही द्यावे, असा त्यांचा दंडक होता. फंडाची वही तेच लिहीत. अकरा रुपये आणि अकरा हजार त्यांच्या वहीत एकाच शाईने, एकाच अक्षरात लिहिलेले आहेत. देणगीदारांनी ती वही अवश्य पाहावी.

मी एकदा धीर करून विचारले, "तात्या, तुम्ही खुंट्या मारल्या नसत्या तर?" ते म्हणाले, "दुसऱ्याने मारल्या असत्या. पण त्याने देवाचे दगड मोजले नसते." एवढ्याने त्यांचे स्वतःचे समाधान झाले होते, असे मात्र मला वाटत नाही. कारण उन्हाळ्यात पाणी ओसरून जुना चौथरा उघडा पडला, की ते लाँचने तेथे जात, नारळ ठेवीत आणि बराच वेळ बसत. नव्वदी ओलांडेपर्यंत त्यांनी हा नेम मोडला नाही.

मंडळी, यंदा जुना गाभारा पाडून सारे नवे बांधावे असा विचार चालला होता, हे आपणांस ठाऊक आहे. मीही त्याच मताचा होतो. रंगाचे थर खरवडले आणि आतून आकडे निघाले : 'पू 14', 'उ 7'. समिती तेथेच थांबली. सभामंडप नवा झाला, शिखर नवे झाले, गाभारा तोच राहिला. तात्या हयात नाहीत. आपले नाव कोठेही कोरू नये, असे ते सांगून गेले, आणि आपण ते पाळले. ज्यांना त्यांची आठवण होईल त्यांनी दर्शन घेताना उजव्या भिंतीवर हात ठेवावा. आकडे बोटांना लागतात.