चौकट गुण्यात आहे का?

आज बोलायच्या आधी एक आवाज ऐकवतो. हेडफोन असेल तर लावा.

(टक्. टक्. टक्. टर्रर.)

कळला फरक? मी घरी बनवलेल्या ड्रोनच्या चारही हातांवर पेन्सिलीने हलकेच ठोकलं. पहिल्या तीन हातांचा आवाज घट्ट आला. चौथ्याला मागून बारीक थरथर आली, म्हणजे तिथे कुठेतरी बोल्ट ढिला आहे. त्यामुळे हा ड्रोन आज उडणार नाही. एवढीशी गोष्ट, पण ती शिकायला मला बरीच किंमत मोजावी लागली. मला म्हणजे खरं तर माझ्या मामेबहिणीला. ते पुढे सांगतो.

मागच्या भागात आपण मोटर आणि बॅटरीबद्दल बोललो. त्यानंतर तुमचे प्रश्न आले ते कॅमेऱ्याचे, रेंजचे, किती वेळ उडतो याचे. फ्रेमबद्दल कोणीच विचारलं नाही. साहजिक आहे. फ्रेम म्हणजे काय, तर चार दांड्या आणि दोन पाट्या, त्यात काय विचारायचं? मलाही असंच वाटायचं.

आधी हे सांगतो की फ्रेम घरी का बनवायची. ९ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्या देशात तयार ड्रोन बाहेरून आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण वगैरेंना सवलत आहे, पण आपल्यासारख्यांना नाही. सुटे भाग मात्र आणता येतात. मग मोटर, स्पीड कंट्रोलर, फ्लाइट कंट्रोलर विकत घ्या आणि सांगाडा आपला आपण करा. पडला, मोडला, तर दुसरा करायला वीस-पंचवीस रुपयांची पट्टी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्रोन का उडतो आणि का पडतो, हे फ्रेम बनवताना जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशाने कळत नाही.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, मिरजेत. खिडक्या बनवणाऱ्या दुकानातून अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचे उरलेले तुकडे आणले. १० मिलिमीटरचा पाइप, भिंत १ मिलिमीटर. मधे ३ मिलिमीटर प्लायवूडच्या दोन पाट्या. समोरासमोरच्या मोटरींमधलं अंतर, म्हणजे कर्ण, ४५० मिलिमीटर. हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो, त्याचं गणित सोपं आहे. कर्ण ४५० असेल तर शेजारच्या दोन मोटरींमधे साधारण ३१८ मिलिमीटर राहतात. १० इंची प्रॉपेलर २५४ मिलिमीटरचा. म्हणजे दोन पंख्यांच्या टोकांमधे ६४ मिलिमीटर मोकळे. पुरेसे आहेत.

ड्रोन उडाला. पहिल्यांदा जमिनीवरून उचलला ना, तेव्हा जे वाटलं ते शब्दांत नाही सांगता येत. नंतर एकदा तो बाभळीला धडकला आणि एक हात वाकला. मी काय केलं? पायरीवर ठेवून हातोडीने सरळ केला. डोळ्यांना सरळ दिसला, म्हणजे झाला सरळ!

त्यानंतर ड्रोन हवेत स्वतःभोवती हळूहळू फिरायला लागला. मी रिमोटवर ट्रिम देऊन ते दाबून टाकलं. खाली उतरवल्यावर समोरासमोरच्या दोन मोटरी गरम लागायच्या, बाकीच्या दोन कोमट. मला वाटलं, मोटरीच स्वस्तातल्या आहेत. ड्रोन दोन आठवडे मला सांगत होता की काहीतरी बिघडलंय, आणि मी त्याला गप्प करत होतो.

मामाच्या घरामागे ऊस तुटून गेलेलं मोकळं रान होतं. मामाची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मीच तिला म्हणालो, "जवळ उभी राहा, व्हिडिओ चांगला येईल." ड्रोन दोन माणसांच्या उंचीवर होता. तो हात मुळाशी, बोल्टच्या भोकापाशी, हवेतच तुटला. ड्रोन उलटला, पंखा जमिनीवर आपटून फुटला आणि त्याचा एक तुकडा तिच्या कोपराला लागला. तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. डोळ्याला लागलं असतं तर? हा विचार अजूनही रात्री कधीतरी येतो.

मामा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मामाचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. नवव्या दिवशी त्याचा फोन आला, "ती चौकट घेऊन ये."

मी गेलो. मला वाटलं, आता तो भंगारात टाकणार. त्याने तुटलेला हात जागेवर टेकवला आणि विचारलं, "गुण्यात आहे का?"

गुण्या म्हणजे सुतार-गवंड्यांचा काटकोन. चौकट गुण्यात आहे का, हे बघायची त्यांची रीत सोपी आहे. दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तर चौकट काटकोनात, नाही आले तर तिरकी. मामाने सुतळी लावली. एक कर्ण ४५०, दुसरा ४४३. तो म्हणाला, "दाराची चौकट अशी लावली असती तर गिऱ्हाइकाने परत दारात उभं केलं नसतं मला."

मग त्याने तुटलेली कड उजेडात धरली. अर्धी कड मळकट होती, अर्धी चकचकीत. "हे बघ," तो म्हणाला, "मळकट आहे तेवढं आधीच तुटलेलं होतं. तू तसाच उडवत होतास."

मला अजिबात ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तर आता त्या वर्कशॉपमधे पुढच्या दोन महिन्यांत जे शिकलो, ते सांगतो. लिहून घ्या.

पहिलं. वाकलेलं अॅल्युमिनियम सरळ करून परत वापरायचं नाही. धातू एकदा वाकला की तिथे आतून दुखावतो. सरळ करताना आणखी दुखावतो, आणि मोटरीची थरथर मग भेग वाढवत नेते. त्यात भोक जर हाताच्या मुळाशी असेल, तर सगळ्यात जास्त ताण नेमका तिथेच येतो. पोकळ पाइपवर बोल्ट आवळताना तो चेपतो, तेही लक्षात ठेवा. आत लाकडाची छोटी गुटी ठोकून मग भोक पाडा.

दुसरं. मोटर सरळ उभी हवी. हात जरा पिळला गेला की मोटर तिरकी होते. २ अंश तिरकी असेल तरी तिच्या जोराचा साधारण साडेतीन टक्के भाग आडवा लागतो आणि ड्रोनला फिरवायला बघतो. ते सावरायला फ्लाइट कंट्रोलर एका दिशेने फिरणाऱ्या दोन मोटरींना जास्त पळवतो. त्या दोन मोटरी म्हणजे कर्णावरची जोडी. आठवलं? समोरासमोरच्या दोन गरम, बाकीच्या कोमट. म्हणून मिनिटभर उडवा, उतरवा, बॅटरी काढा आणि मग चारही मोटरींना बोट लावून बघा. बॅटरी काढल्याशिवाय हात लावायचा नाही, ही आमच्याकडची पक्की शिस्त आहे.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात आवडलं. मी लाकडाकडे वळलो तेव्हा पॅकिंगच्या खोक्याची पाइनची पट्टी घेतली, १२ बाय १२. मामा म्हणाला, "तुळई कधी आडवी झोपवलेली बघितलीस का? उभी ठेवतात." म्हणून आम्ही १० मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच असे हात रंधून काढले. लाकूड जवळजवळ तेवढंच, पण वर-खाली वाकायला विरोध दीडपटीहून जास्त. कारण उंची वाढली की ताठपणा तिच्या घनाच्या पटीत वाढतो. शिवाय पंख्याखाली हात अरुंद असला की हवा कमी अडते.

आता खरं सांगायचं तर ताठपणात अॅल्युमिनियमचा पाइपच पुढे आहे. पण २३ सेंटिमीटरचा पाइनचा हात साधारण १७ ग्रॅम भरतो आणि तो पाइप २२ ग्रॅम. आणि लाकूड थरथर गिळतं. हे महत्त्वाचं आहे, कारण फ्लाइट कंट्रोलरमधला जायरो म्हणजे ड्रोनचा कान. फ्रेम सारखी गुणगुणत असेल तर त्या कानाला खरी हालचाल कुठली आणि गोंगाट कुठला हे कळत नाही. तो गोंगाटालाच उत्तर देत बसतो, मोटरी विनाकारण तापतात, व्हिडिओ जेलीसारखा हलतो. यावर पहिला उपाय सॉफ्टवेअरमधे शोधू नका. आधी पंखे बॅलन्स करा, हलक्या पात्याला सेलोटेपचा तुकडा लावा. मग बोल्ट बघा. मग कंट्रोलरखाली रबराचे वायसर घाला. सेटिंगचा नंबर त्यानंतर.

लाकूड निवडताना गाठ नको आणि रेषा हाताच्या लांबीने गेलेल्या हव्यात. मिरज म्हणजे सतार-तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव. इथे लाकूड वाजवून बघणं कोणाला नवीन नाही. ठोकून ऐकायची सवय मला तिथूनच लागली.

चौथं. हा या भागाचा गाभा आहे. मी मामाला म्हटलं, "आता असा हात करू की तुटणारच नाही." तो म्हणाला, "सगळं तुटतं रे. कुठे तुटायचं ते आपण ठरवायचं."

नीट विचार करा. हात अतिशय मजबूत केला तर धडकेचा मार जातो कुठे? मोटरीच्या दांड्यावर, नाहीतर मधल्या कंट्रोलरवर. म्हणजे वीस रुपयांचा हात वाचवायला आपण शेकड्यांनी रुपयांची मोटर घालवतो. स्वीडनच्या डेव्हिड विंडेस्टाल यांचा लाकडी हातांचा तीन पंख्यांचा ड्रोन जगभरातल्या हौशी लोकांनी बनवला. त्याचे पुढचे हात धडक बसली की मागे दुमडतात. आम्ही तीच कल्पना आमच्या पद्धतीने केली. प्रत्येक हात दोन पाट्यांच्या मधे पकडलेला. मुळाशी एक लोखंडी बोल्ट, आणि बाहेरच्या बाजूला एक नायलॉनचा. पाट्या एकमेकींना वेगळ्या बोल्टांनी आवळलेल्या, त्यामुळे उडतानाचा भार पाट्या घेतात. पण आडवी धडक बसली की नायलॉनचा बोल्ट तुटतो, हात दुमडतो, मोटर वाचते. खिशात दहा नायलॉनचे बोल्ट ठेवायचे. झालं.

म्हणजे जमिनीवर आपटल्यावर फ्रेम मोडली तर मोडू दे, ते तिचं कामच आहे. हवेत मात्र मोडता कामा नये. माझ्या पहिल्या फ्रेमने नेमकं उलटं केलं होतं.

बाकीच्या साहित्याबद्दल थोडक्यात. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचे हात काढणार असाल तर ते साधारण ६० अंशांला मऊ पडतात. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलात तर संध्याकाळी केळीच्या सालीसारखे मिळतील. कार्बन फायबर उत्तम, पण कापताना मास्क घाला आणि पाणी मारत घासा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. शिवाय त्यातून वीज वाहते, म्हणून वायरीचं आवरण सोललं जाणार नाही हे बघा. आणि लाकडाचा दोष? पावसाळा. ओल धरली की फुगतं, सुकलं की बोल्ट ढिले होतात. दोन हात व्हार्निश द्या आणि प्रत्येक वेळी ठोकून ऐका.

नियमही सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. आपला हा ड्रोन किलोच्या आसपास, म्हणजे मायक्रो. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते आधी बघा. ग्रीन झोनमधे ४०० फुटांची मर्यादा आहे. नोंदणीचं काय ते अधिकृत ठिकाणीच वाचा, आणि ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता शेवटचं. उडवण्याआधी माझ्या पाच गोष्टी ठरलेल्या आहेत. दोन्ही कर्ण सुतळीने मोजायचे. चारही मोटरी गुण्या लावून बघायच्या. बॅटरी बांधून ड्रोन मधोमध दोन बोटांवर तोलायचा, पुढे-मागे कलला तर बॅटरी सरकवायची. प्रत्येक हात ठोकून ऐकायचा. आणि पाचवी, सगळी माणसं तीस पावलं मागे, माझ्या पाठीशी. व्हिडिओ कितीही चांगला येणार असला तरी.

यातली सुतळीचं दुसरं टोक धरायचं काम माझ्या मामेबहिणीचं आहे. ती आता सातवीत आहे. कोपरावरची खूण अजून दिसते. सुरुवातीला ती ड्रोनचा आवाज आला की घरात जायची, आणि मी तिला कधीच ये म्हटलं नाही. एक दिवस ती आपणहून वर्कशॉपमधे आली, पेन्सिल घेतली, चारही हात ठोकले आणि म्हणाली, "दादा, हा वाजतोय. हा नको उडवूस."

सुरुवातीला जो आवाज ऐकवला ना, तो तिनेच पकडला होता. आज सकाळी.

तुमची फ्रेम आज ठोकून बघा आणि काय ऐकू आलं ते मला कळवा. पुढच्या भागात वायरिंग. तोपर्यंत बोल्ट आवळा, काळजी घ्या. भेटूच.